कात्री, खळ आणि झेरॉक्स : पंक गिगचे पोस्टर हाताने कसे करावे

दाखल्यांच्या आणि गुणपत्रिकांच्या प्रती काढण्यासाठी आपण ज्या झेरॉक्सच्या दुकानात रांग लावतो, तशाच दुकानांतल्या यंत्रांवर पंक या आक्रमक, साध्यासुध्या रॉक संगीताच्या पोस्टरांची चित्रभाषा घडली. १९७७ ते १९८४ या काळात लॉस एंजेलिस आणि सॅन फ्रान्सिस्को येथील पंक बँडना रेडिओ फारसा थारा देत नव्हता, वर्तमानपत्रात जाहिरात देण्याइतके पैसे त्यांच्याकडे नव्हते आणि पोलिसांनी एखादा कार्यक्रम बंद पाडला की पुढच्या वेळी जागाच बदलत असे. हॉलिवूडमध्ये ऑगस्ट १९७७ मध्ये सुरू झालेले ‘मास्क’ हे निव्वळ एक तळघर होते आणि सॅन फ्रान्सिस्कोतील ‘मबुहाय गार्डन्स’ हे मुळात फिलिपिनो उपाहारगृह होते. अशा ठिकाणी येत्या शुक्रवारी कोण वाजवणार आहे, ही बातमी पाटीएवढ्या कागदावरूनच गावभर जात असे. रात्री टेबलावर कापून चिकटवलेले एक मूळ, दुसऱ्या दिवशी काढलेल्या शंभर-दोनशे प्रती आणि त्या घेऊन खांबाखांबावर हिंडणारा बँडमधलाच कुणीतरी, एवढीच ती सारी यंत्रणा होती.

तीच पद्धत आज मुंबईत किंवा पुण्यात पन्नास माणसांसमोर होणाऱ्या गिगसाठी, म्हणजे छोट्या संगीत कार्यक्रमासाठी, कशी वापरता येईल, हे येथे सांगायचे आहे. संगणकावर असे ‘फाटके’ पोस्टर दहा मिनिटांत करता येते, हे मला मान्य आहे. परंतु त्या फाटकेपणाची कारणे हातांना कळलेली नसतील तर तो केवळ सजावट म्हणून उरतो आणि पाहणाऱ्याला ते कळते. हाताने काम करताना एक गोष्ट मात्र पहिल्यापासून अंगवळणी पाडावी लागते, ती म्हणजे टेबलावरच्या कागदाकडे यंत्राच्या नजरेने पाहणे. आपल्याला दिसणारा पिवळा रंग यंत्राला दिसत नाही, आपल्याला न दिसणारी कागदाची कड त्याला दिसते, आणि शेवटी भिंतीवर जाणार असते ते त्याने पाहिलेलेच.

आधी मजकूर, मग चित्र

हौशी माणूस चित्रापासून सुरुवात करतो आणि शेवटी कार्यक्रमाचा पत्ता कुठल्यातरी कोपऱ्यात कोंबतो. ते टाळण्यासाठी प्रथम एका कोऱ्या कागदावर सगळा मजकूर शाईने लिहून काढावा : बँडची नावे, वार, तारीख, दारे उघडण्याची वेळ, जागेचे नाव, तिथे पोचण्याची खूण, प्रवेशमूल्य आणि वयाची अट. वार आणि तारीख दोन्ही लिहाव्यात, आणि त्या एकमेकांशी जुळतात की नाही ते दिनदर्शिकेत पाहून घ्यावे. मी केलेल्या एका पोस्टरवर वार शुक्रवारचा आणि तारीख शनिवारची पडली होती. साठ प्रती लावून झाल्यावर ती चूक ड्रमरच्या आईच्या लक्षात आली आणि आम्हाला दुरुस्तीच्या साठ चिठ्ठ्या कापून प्रत्येक पोस्टरवर पुन्हा चिकटवत फिरावे लागले.

वयाची अट ही किरकोळ बाब वाटते, पण या संगीताच्या इतिहासात तिला मोठी जागा आहे. १९८० मध्ये वॉशिंग्टनच्या ‘टीन आयडल्स’ या बँडची अल्पवयीन मुले मबुहाय गार्डन्समध्ये गेली, तेव्हा त्यांना बारवर दारू दिली जाऊ नये म्हणून त्यांच्या हातांवर काळ्या शाईने फुली मारण्यात आली. ती युक्ती त्यांनी आपल्या शहरात नेली आणि पुढे त्या फुलीचे ‘स्ट्रेट एज’ या दारू व अमली पदार्थांपासून दूर राहणाऱ्या चळवळीच्या खुणेत रूपांतर झाले. ‘सर्व वयोगटांसाठी’ हे शब्द त्यामुळे अशा पोस्टरवर मोठ्या अक्षरांत येत असत. आपल्याकडेही कार्यक्रम दारूचा परवाना असलेल्या जागेत असेल तर महाविद्यालयीन मुलांना दारातून परत जावे लागते, म्हणून ही माहिती आधीच विचारून घ्यावी.

बँडच्या नावांचा क्रम हा भांडणाचा विषय असतो. बाहेरगावचा पाहुणा बँड असेल तर त्याचे नाव वर आणि मोठे घेणे रास्तच आहे, परंतु सगळे बँड गावातलेच असतील तर सर्वांची अक्षरे एकाच उंचीची ठेवावीत आणि वाजवण्याचा क्रम हाच लिहिण्याचा क्रम मानावा.

सामान

सामानाची यादी लहान आहे आणि ते बहुतेक घरातच सापडते. ए-४ आकाराचा जाड पांढरा कागद, धारदार कात्री, मोडत्या पात्यांचा कटर, लोखंडी मोजपट्टी, काळा मार्कर, काळी ड्रॉइंग इंक, पांढरे करेक्शन फ्लुइड, फिकट निळी रंगीत पेन्सिल आणि गोंदाची कांडी एवढ्यावर काम होते. पातळ पांढरा गोंद कागदाला सुरकुत्या पाडतो आणि यंत्राच्या काचेवर त्या सुरकुत्यांच्या सावल्या उमटतात, म्हणून तो टाळावा. जाहिरातकलेचे जुने विद्यार्थी रबर सोल्यूशन वापरत असत, कारण त्याने चिकटवलेला तुकडा उचलून पुन्हा हलवता येतो. मात्र काही वर्षांनी त्याचे तपकिरी डाग पडतात, तेव्हा मूळ प्रत जपून ठेवायची असेल तर कांडीच बरी.

यात खरी मोलाची वस्तू म्हणजे कात्रणांचा डबा. जुनी मासिके, लग्नपत्रिका, औषधांच्या पेट्यांतील माहितीपत्रके, शालेय विज्ञानाच्या पुस्तकांतील आकृत्या, शिवणकामाचे नमुने, बंद पडलेल्या यंत्रांच्या पुस्तिका असे जे छापील आणि काळे-पांढरे हाती येईल ते जमवत राहावे. भिंतीवरच्या दिनदर्शिकेचे गेलेले महिने फेकू नयेत, कारण तारखेसाठी इतके मोठे आणि ठसठशीत देवनागरी अंक दुसरीकडे मिळत नाहीत. कार्यक्रम ठरल्यावर कात्रणे शोधायला बसले तर काहीच सापडत नाही. डबा आधी भरलेला असेल तर पोस्टर एका संध्याकाळी होते.

अक्षरे

कापलेल्या अक्षरांची मांडणी म्हटले की लंडनच्या ‘सेक्स पिस्टल्स’ या पंक बँडची आणि त्यांच्यासाठी काम करणारे कलावंत जेमी रीड यांची आठवण होते. रीड हे १९७० पासून क्रॉयडनमध्ये ‘सबर्बन प्रेस’ हे छोटे प्रकाशन चालवत होते आणि अक्षरजुळणीवर खर्च करण्याऐवजी वर्तमानपत्रांतली अक्षरे कापून मथळे जुळवण्याची सवय त्यांना तिथे लागली. खंडणीच्या चिठ्ठीसारखी दिसणारी ती शैली कंजुषीतून आली होती. तिच्यातले भय आणि विनोद पाहणाऱ्यांच्या लक्षात नंतर आले.

रोमन लिपीत हे सोपे आहे, कारण तिथे प्रत्येक अक्षर सुटे उभे असते. देवनागरीत शब्द शिरोरेषेला टांगलेला असतो आणि अक्षरे सुटी कापली की ती रेषाही तुकड्यातुकड्यांनी कापली जाते. असे तुकडे वर-खाली लावले की शब्दाचा जिना होतो. चार अक्षरांपर्यंत डोळा तो जिना चढतो, त्यापुढे शब्द हरवतो. त्यावर मला उपयोगी पडलेला उपाय असा की अक्षरांचे आकार आणि जाडी हवी तेवढी वेगवेगळी घ्यावी, पण सगळ्यांच्या शिरोरेषा एकाच पातळीवर आणाव्यात आणि शेजारचे तुकडे एक-दोन मिलिमीटर एकमेकांवर चढवावेत, म्हणजे रेषा सलग वाटते आणि गोंधळ खालच्या बाजूला मोकाट सुटतो. दोरीवर वाळत घातलेल्या वेगवेगळ्या मापांच्या कपड्यांसारखे ते दिसते आणि वाचताही येते. दोन शब्दांमधली जागा मात्र नेहमीपेक्षा दुप्पट सोडावी.

अक्षर कापताना त्याची वेलांटी, मात्रा, रफार आणि उकार त्याच्यासकट कापावेत. ते वेगळे कापून जोडायला गेले तर ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ होतो आणि तुकडे सुटून पडतात. जोडाक्षर नेहमी अखंड शोधावे. अनुस्वाराकडे विशेष लक्ष द्यावे, कारण झेरॉक्सच्या काचेवरचा धुळीचा कण आणि छोटा अनुस्वार यांत यंत्राला काही फरक दिसत नाही. ‘गज’ लिहिलेले ‘गंज’ होते आणि ‘पंक’चे ‘पक’ होते. (पंक या शब्दाचा मराठीतला अर्थ चिखल असा आहे आणि या संगीताच्या बाबतीत तो अर्थ कुणाला वावगा वाटू नये.) म्हणून अनुस्वार मार्करने ठळक, चौकोनी आणि अक्षराच्या मानाने जरा मोठाच काढावा. देवनागरी अंकांत १ आणि ९ हे दोन अंक प्रतीची प्रत काढल्यावर सारखे दिसू लागतात, त्यामुळे तारीख आणि वेळ यांसाठी कात्रणापेक्षा स्वतःच्या हाताने जाड रेषेत काढलेले अंक अधिक भरवशाचे असतात.

हस्ताक्षर वापरायचे असेल तर बोरूसारखा तिरका कापलेला मार्कर घ्यावा आणि सुंदर लिहिण्याचा मोह आवरावा, कारण सुलेखन केलेले पंक पोस्टर लग्नपत्रिकेच्या वाटेने जाते. अक्षरांच्या मापाचा एक ढोबळ हिशेब सांगता येतो : तीन मीटरवरून चालता चालता सहज वाचायचे असेल तर अक्षर सुमारे अडीच सेंटिमीटर उंच हवे. ए-४ कागदावर असा मजकूर दोन-तीन ओळींपेक्षा जास्त बसत नाही. त्या ओळी बँडच्या नावाला आणि तारखेला द्याव्यात; बाकीचे वाचण्यासाठी माणूस जवळ येतो.

चित्र

चित्रासाठी कॅलिफोर्नियातल्या दोन वाटा समोर ठेवता येतात. पहिली रेमंड पेटिबॉन यांची. हर्मोसा बीच या समुद्रकाठच्या गावातील ‘ब्लॅक फ्लॅग’ या बँडचा गिटारवादक ग्रेग गिन हा त्यांचा भाऊ. बँडचे नाव पेटिबॉन यांनीच सुचवले आणि वर-खाली सरकलेल्या चार काळ्या उभ्या पट्ट्यांची, म्हणजे फडकणाऱ्या झेंड्याची, ओळखखूणही त्यांनीच काढली. ती खूण कुणालाही अर्ध्या मिनिटात भिंतीवर रंगवता येत असे आणि लॉस एंजेलिसमध्ये ती तशी असंख्य ठिकाणी रंगवली गेली. पेटिबॉन यांची पत्रके म्हणजे काळ्या शाईने ब्रश व टाकाने काढलेले एक दृश्य आणि त्याखाली किंवा त्याच्या पोटात एक-दोन तुटक वाक्ये. चित्र आणि वाक्य यांचा संबंध सरळ लागत नाही, म्हणून पाहणारा खांबापाशी थांबतो. अनेकदा चित्र आधीच काढलेले असे आणि कार्यक्रमाचा मजकूर नंतर वर किंवा खाली जोडला जाई. चित्रकला येत असेल तर हीच रीत उचलावी : फावल्या वेळी चित्रे काढून ठेवावीत, आणि ती कागदाच्या वरच्या दोन तृतीयांशात संपतील अशी काढावीत. छायेसाठी पेन्सिल घासू नये. करडा रंग यंत्राला नीट झेपत नाही, त्याऐवजी समांतर रेषांनी किंवा ठिपक्यांनी छाया भरावी.

दुसरी वाट चिकटचित्रांची, म्हणजे कोलाजची. ‘डेड केनेडीज’ या बँडची आद्याक्षरांची खूण तयार करणारे विन्स्टन स्मिथ जुन्या अमेरिकी मासिकांतील हसरी कुटुंबे, चकचकीत स्वयंपाकघरे आणि जाहिरातींतले आदर्श गृहस्थ कापून त्यांना भलत्याच जागी नेऊन बसवत. इंग्लंडमध्ये लिंडर या कलावतीने १९७७ मध्ये मँचेस्टरच्या ‘बझकॉक्स’ या बँडसाठी केलेल्या चिकटचित्रात स्त्रीच्या धडावर डोक्याच्या जागी इस्त्री आहे. दोन्हींमधले शहाणपण एकच आहे आणि नवशिक्याने ते नीट पाहावे. त्यांत तुकडे फार थोडे असतात. एक पार्श्वभूमी, एक मुख्य आकृती आणि तिच्यात केलेला एकच बदल. कात्रणांचा डबा भरलेला असला की वीस गोष्टी चिकटवाव्याशा वाटतात आणि यंत्रातून बाहेर येते ते रद्दीच्या गठ्ठ्याचे छायाचित्र. मी एकाच चित्रावर तीनपेक्षा जास्त तुकडे वापरायचे नाहीत असे ठरवून घेतले आहे आणि तो नियम मोडल्याचा मला नेहमी पश्चात्ताप झाला आहे.

आणखी एक सूचना : ओळखीच्या किंवा अनोळखी खाजगी व्यक्तीचा चेहरा तिला न विचारता वापरू नये. बातमीतल्या अपघातग्रस्ताचा फोटो कापून पोस्टरवर लावणे यात धीटपणा काही नाही.

यंत्रापुढे

आता यंत्र. साध्या कागदावर प्रती काढणारे पहिले यशस्वी कार्यालयीन यंत्र, ‘झेरॉक्स ९१४’, १९५९ मध्ये आले. नऊ इंच बाय चौदा इंच कागद घेऊ शकत असल्याने त्याचे ते नाव पडले. १९७० मध्ये कॅलिफोर्नियातील आयला व्हिस्टा येथे, विद्यापीठाच्या शेजारी, पॉल ऑर्फेलिया यांनी ‘किंकोज’ हे प्रतींचे दुकान काढले आणि पुढे अशी दुकाने देशभर झाली. चार पैशांत शंभर कागद छापण्याची सोय महाविद्यालयीन वयाच्या मुलांच्या हाती त्यामुळेच आली. त्याआधी सायक्लोस्टाइल होते, ज्यावर आपल्याकडची लघुअनियतकालिके निघाली, परंतु सायक्लोस्टाइलवर छायाचित्र उमटवणे अवघड होते आणि झेरॉक्सला ते सहज जमत होते.

यंत्रात काय घडते ते ठाऊक असले की त्याच्याकडून काम करून घेता येते. काचेवर ठेवलेल्या कागदावर प्रकाश पडतो. पांढऱ्या भागावरून परतलेला प्रकाश आतल्या भारित ड्रमवरचा विद्युतभार नाहीसा करतो, काळ्या भागाच्या जागी भार तसाच राहतो आणि तिथे टोनरची भुकटी चिकटते. ती कागदावर उतरते आणि उष्णतेने वितळून पक्की बसते. आजच्या डिजिटल यंत्रात काचेवरचे चित्र आधी स्कॅन होते आणि मग ड्रमवर लेझरने लिहिले जाते, पण टोनरचे काम तेच. पूर्वीच्या यंत्रांत मोठा सलग काळा भाग कडांना गडद आणि मध्ये फिका येत असे. तो दोष जुन्या पत्रकांवर जागोजाग दिसतो आणि आज त्याची मुद्दाम नक्कल केली जाते.

व्यवहारात याचा अर्थ असा. लाल रंग काळा उमटतो, त्यामुळे लाल मथळ्याची कात्रणे निर्धास्त घ्यावीत. पिवळा जवळपास नाहीसा होतो. फिकट निळा जुन्या यंत्रांना दिसतच नसे, म्हणून मांडणीच्या रेषा निळ्या पेन्सिलीने आखण्याची पद्धत होती. आताची रंगीत स्कॅनर असलेली यंत्रे तो कधीकधी पकडतात, तेव्हा रेषा हलक्या हाताने आखाव्यात आणि एक प्रत काढून पाहावी. चिकटवलेल्या तुकड्यांच्या कडांची बारीक सावली येते. ती नको असेल तर कडांवर करेक्शन फ्लुइड फिरवावे. याहून चांगली रीत म्हणजे पहिली प्रत काढून त्या प्रतीवरच्या नको त्या रेषा पांढऱ्या कराव्यात, राहिलेल्या जागा मार्करने काळ्या कराव्यात आणि तीच प्रत नवे मूळ मानून पुढच्या प्रती काढाव्यात. दुरुस्तीचे काम सपाट कागदावर होते आणि सावलीचा प्रश्नच संपतो.

छायाचित्राचा पोत हवा तसा खडबडीत करण्यासाठी प्रतीची प्रत काढत जावे. प्रत्येक पिढीत करडे भाग काळ्याकडे किंवा पांढऱ्याकडे झुकतात आणि तिसऱ्या-चौथ्या प्रतीपर्यंत चेहऱ्याचे डोळे, भुवया आणि जिवणी एवढेच उरते. दुकानदाराला यंत्र ‘टेक्स्ट’वर ठेवायला सांगावे, कारण ‘फोटो’वर ठेवले की यंत्र करडे भाग सांभाळू लागते आणि आपल्याला नेमके ते नको असते. गडद-फिकट हे मापही हाताने ठरवून घ्यावे. ते आपोआपवर सोडले तर पाठीमागचा कागद कधीकधी राखाडी येतो. टपाल तिकिटाएवढे चित्र चारशे टक्के मोठे केले तर छपाईचे ठिपके मोहरीएवढे दिसू लागतात आणि त्याच्यासारखी पार्श्वभूमी विकत मिळत नाही. यंत्र एका दमात तेवढे मोठे करत नसेल तर दोनशे टक्के दोनदा करावे. ए-४ चा ए-३ करण्यासाठी १४१ टक्के आणि ए-३ चा ए-४ करण्यासाठी ७१ टक्के हे आकडे पाठच करून ठेवावेत. बारीक अक्षरांचा मजकूर मोठा लिहून लहान केला की तो अधिक रेखीव दिसतो.

प्रकाशाची पट्टी काचेखालून सरकत असतानाच मूळ कागद हलवला तर चित्र ताणले जाते. पट्टीच्या दिशेने तिच्याबरोबर सरकवले तर आकृती लांब होते, आडवे हलवले तर तिला लाटा येतात. पाच-सहा प्रती वाया जातील असे धरून चालावे. गर्दीच्या वेळी, मागे परीक्षेचे अर्ज घेऊन मुले उभी असताना हा खेळ करू नये. दुपारी दोन-तीनच्या सुमारास दुकान रिकामे असते आणि दुकानदारालाही गंमत वाटते. मला आतापर्यंत भेटलेल्या दुकानदारांपैकी एकानेच काच खराब होईल म्हणून हाकलले, आणि करेक्शन फ्लुइड ओले होते, त्यामुळे त्याचे बरोबरच होते.

शेवटच्या मुळात चारी बाजूंना एक सेंटिमीटर जागा मोकळी ठेवावी, कारण यंत्र कागदाच्या अगदी कडेपर्यंत छापत नाही आणि जागेच्या पत्त्यातला शेवटचा शब्द तिथेच कापला जातो. वाटण्यासाठी छोटी पत्रके हवी असतील तर मूळ पन्नास टक्के करून एका ए-४ वर चार बसवावीत आणि कापून घ्यावीत.

दुसरा रंग

सर्वांत स्वस्त दुसरा रंग म्हणजे रंगीत कागद. भडक पिवळ्या किंवा गुलाबी कागदावर काळा टोनर लांबूनही दिसतो, गडद निळ्यावर किंवा हिरव्यावर तो बुडतो. याहून पुढे जायचे असेल तर तयार प्रतींवर स्टेन्सिल (अक्षरे कापून काढलेला साचा) ठेवून रंग मारावा. इंग्लंडच्या ‘क्रास’ या पंक गटाने स्टेन्सिलने आपली वाक्ये लंडनच्या भुयारी रेल्वेतल्या जाहिरातींवर उमटवली होती. आपल्याकडे स्टेन्सिलसाठी जुनी एक्स-रे फिल्म उत्तम, कारण ती कटरने स्वच्छ कापली जाते आणि रंगाने भिजत नाही. अक्षरे कापताना पोकळ भाग गळून पडू नयेत म्हणून मध्ये पट्ट्या सोडाव्या लागतात आणि देवनागरीत शिरोरेषेमुळे प, म, फ यांच्या पोटातली जागा बंदिस्त होते (व, ब, क यांच्या पोटासाठी मात्र पट्टी त्यांच्या गोलातच सोडावी लागते). त्या पट्ट्या शिरोरेषेतच सोडाव्यात, म्हणजे रेषा मध्येच तुटलेली दिसते पण अक्षर शाबूत राहते. स्प्रेचा डबा वीस-पंचवीस सेंटिमीटर लांब धरून हलके दोन हात मारावेत. एकदाच जाड मारला तर रंग कडेखाली पाझरतो. पाचशेच्या वर प्रती हव्या असतील तर लग्नपत्रिका छापणाऱ्या स्क्रीन प्रिंटिंगवाल्याकडे जाणे परवडते.

लावणे

अमेरिकेत विजेचे खांब लाकडी असल्यामुळे पत्रके स्टेपलरने ठोकली जात आणि काही खांबांवर पिनांचा जाड थर साचलेला असे. सिएटल शहराने तर १९९४ मध्ये खांबांवर पत्रके लावण्यास बंदीच केली. आपले खांब लोखंडी किंवा सिमेंटचे आहेत आणि मालमत्तेच्या विद्रूपणाला प्रतिबंध करणारा १९९५ चा महाराष्ट्राचा कायदा आहे. स्थानिक संस्थेच्या परवानगीशिवाय लोकांच्या नजरेस पडणाऱ्या जागेवर कागद चिकटवणे हा त्याखाली गुन्हा ठरतो. तेव्हा वाद्यांची दुकाने, सरावाच्या खोल्या, कॅफे, टॅटूची दुकाने, महाविद्यालयांचे सूचनाफलक आणि कार्यक्रमाच्या जागेची स्वतःची भिंत येथे विचारून लावावे. नुसते विचारल्याने बहुतेक ठिकाणी जागा मिळते, आणि मालकाशी ओळख झाली की पुढच्या पोस्टरची सोय होते.

भिंतीसाठी खळ करावी. एक वाटी मैदा एक वाटी गार पाण्यात गुठळ्या न ठेवता कालवावा, दुसऱ्या भांड्यात चार वाट्या पाणी उकळावे, त्यात मैद्याचे मिश्रण ओतत सतत ढवळावे आणि ते किंचित पारदर्शक व चकचकीत होईपर्यंत दोन-तीन मिनिटे शिजवावे. बुकबाइंडर कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात, पण ते विषारी असते आणि पंधरा दिवस टिकायच्या पोस्टरला त्याची गरज नाही. खळ त्याच दिवशी वापरावी, दुसऱ्या दिवशी ती आंबते. भिंतीवर पातळ हात द्यावा, कागद वरून खाली बसवत आणावा आणि त्यावरून पुन्हा एक हात फिरवावा. टोनर वितळून बसलेला असल्याने ओला झाला तरी पसरत नाही. घरच्या इंकजेट प्रिंटरची शाई मात्र ओघळते, म्हणून तिच्या प्रती खळीने लावू नयेत. ७० किंवा ७५ जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाचा) साधा कागद जाड कागदापेक्षा भिंतीला चांगला धरतो.

पुढे होणाऱ्या कार्यक्रमाच्या पोस्टरवर आपले पोस्टर कधीही लावू नये. होऊन गेलेल्या कार्यक्रमावर खुशाल लावावे. आपला कार्यक्रम झाला की स्वतःची पोस्टरे काढून आणावीत. ओल्या फडक्याने भिजवून पाच मिनिटे थांबले की खळ सहज सुटते.

मूळ मांडणी आणि दोन स्वच्छ प्रती एका सपाट फाइलमध्ये ठेवाव्यात आणि त्यांना सेलोटेप लावू नये, कारण तो पिवळा पडून कागद खातो. पेटिबॉन यांची चित्रे आज न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये आहेत आणि कॉर्नेल विद्यापीठाने पंक पत्रकांचा मोठा संग्रह जतन केला आहे. जुन्या पत्रकांपैकी कित्येकांवर वार आणि तारीख असते पण वर्ष नसते, कारण येत्या शनिवारचे पोस्टर करणाऱ्याला वर्ष लिहिण्याची गरज वाटत नव्हती. वार आणि तारखेची तीच जोडी पाच, सहा किंवा अकरा वर्षांनी पुन्हा येते, त्यामुळे असे पत्रक नेमके कधीचे ते ठरवण्यासाठी बँडची नावे आणि जागा यांचा ताळा करत बसावे लागते. आपल्या प्रतीच्या पाठीवर वर्ष, किती प्रती काढल्या तो आकडा आणि ज्यांनी कापाकापी केली त्यांची नावे पेन्सिलीने लिहून ठेवावीत.